मूठ बदललेली कानस

मामा,

तुम्ही गेल्याला पन्नास वर्षं होत आली, आणि आज पहिल्यांदा मी तुमच्याशी इतकं सरळ बोलतेय. तुम्ही होतात तेव्हा सून सासऱ्यापुढं तोंड उघडत नसे. पदर कपाळापर्यंत, नजर खाली, आणि काही सांगायचंच झालं तर भिंतीला सांगायचं, ‘जेवायला वाढलंय म्हणावं.’ पूर्णेच्या त्या घरात माणसं तीनच. तुम्ही, मी, आणि लोकोशेडमध्ये ड्यूटीला जाणारा तुमचा मुलगा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. मुलगा दिवसभर बाहेर, त्यामुळं भिंतीला फार काम पडायचं. आता भिंतही राहिली नाही, तेव्हा लिहूनच टाकते. चौथीपर्यंतची शाळा कधीतरी कामाला यावी.

निमित्त असं झालं, की मागच्या आठवड्यात परभणीत आमच्या गल्लीत वरातीचा घोडा आला होता आणि त्याचा नाल निघाला. एक पोरगेला नालबंद मोटारसायकलवर येऊन खूर घासायला बसला. त्याच्याजवळ कानस एकच. तिनंच खूर घासतोय, तिनंच खिळ्यांची टोकं. मला काही राहवलं नाही. वरून ओरडले, “अरे बाबा, दात जातील की तिचे! खिळ्याला दुसरी घे!” त्यानं वर पाहिलं आणि हसला. “आजी, तुमाला काय कळतंय यातलं?” धाकटी सून मागून म्हणाली, आई, आत या, लोक बघायलेत. मी आत आले. पण मन काही आत आलं नाही.

मला यातलं कळतं, कारण तुम्ही शिकवलंत. तेही माझ्याशी न बोलता. पोलीस ॲक्शननंतर निजामाचं घोडदळ, तो रिसाला मोडला, तिथली नालबंदी सुटली आणि तुम्ही हैदराबादेहून गावी आलात, सोबत ऐरण, भाता आणि एक कोरी कानस. दुसरी जुनी, झिजलेली, आधीपासूनची घरात होतीच. स्टेशनच्या टांगेवाल्यांचे घोडे आपल्या दारात यायला लागले. तुम्ही खूर मांडीवर घ्यायचात आणि मी मागं उभी राहून हत्यारं पुढं सरकवायची. सुनेला शिकवायचं तर बोलावं लागतं, म्हणून तुम्ही घोड्याला शिकवायचात. “ऐक बेटा. नवी कानस खुराला, जुनी खिळ्याला. खिळ्यावर नवी चालवली तर तिचे दात जातात. खुरावर जुनी चालवली तर माणसाचा दम जातो.” घोडा कान हलवायचा. मी पदराआडून ऐकायची. उन्हाळ्यात खूर दगडासारखा होतो, तेव्हा नवी, आणि हात लांब. भादव्यात चिखलानं खूर मऊ पडतो, तेव्हा नवीच, पण नुसती टेकवायची, दाबायची नाही. चमकावं म्हणून बाहेरून घासायचं नाही, वरचं पाणी गेलं की खूर फुटतो. एकदा खुराला माझ्या हातून चुकून जुनी दिली गेली तर तुम्ही घोड्याला म्हणालात, “बेटा, या घरात कोणाचं तरी ध्यान चुलीवर हाय.” मला एवढी लाज वाटली, की त्या दिवशी भाकरीही करपली. पण त्याच दिवाळीला तुम्ही एक मोडकी कानस तापवून, ठोकून मला विळी करून दिलीत. उंबऱ्यावर ठेवून निघून गेलात. भोपळासुद्धा सरसर कापायची ती. अशी विळी मला पुन्हा मिळाली नाही.

मग तुमचे डोळे गेले. एकदम नाही. आधी तुम्ही दोरा ओवायला मला द्यायला लागलात, मग माणसं आवाजावरून ओळखायला लागलात. मुलानं दोनदा म्हटलं, बाबा, दवाखान्यात दाखवू, मोतीबिंदू काढतात आता. तुम्ही एकच बोललात, “डोळ्याला चाकू लावू देणार न्हाई. नालबंदाचे डोळे हातात असतात.” तुमचा हात तर काय, लोखंडच. एका दमात खूर सपाट करायचा. कोरी कानस, तसला हात, आणि डोळ्यापुढं धुकं.

त्या अबलख घोडीचं तुम्हाला आठवत असेल. टांगेवाल्याची एकुलती एक घोडी, अख्खं घर तिच्या पायावर. पावसाळा नुकताच संपलेला, खूर मऊ. तुम्ही नेहमीच्या जोरानं दोन-तीन हात जास्त मारलेत. मला गुलाबी दिसलं, मग लाल. मी ओरडायला हवं होतं. सून सासऱ्याच्या अंगावर ओरडत नाही म्हणून मी तोंडात पदर कोंबला आणि तुम्ही आणखी एक हात मारलात. घोडी उसळली. तुम्ही म्हणालात, “आज हिचं डोकं फिरलंय.” महिनाभर ती तीन पायांवर उभी होती. टांगेवाला तुम्हाला एक शब्द बोलला नाही. तुम्ही मारुतीला गेलेले बघून माझ्याकडं आला, अंगणातच उभा राहिला.

“वहिनी, घोडी अजून लंगडायलीय. म्हाताऱ्याला दिसंना गेलंय, समद्या अड्ड्याला ठावं हाय. पर रिसाल्यातला माणूस, त्याला तोंडावर कोण सांगावं? आमी आता एकेकजण परभणीला जाऊ म्हणतो. झाकली मूठ ऱ्हाऊ द्या.”

“चार दिवस थांबा,” मी म्हटलं. परक्या पुरुषाशी बोललेलं माझं बहुतेक ते पहिलं वाक्य.

तुम्ही कानशी मुठीवरून ओळखायचात. नवीच्या मुठीच्या टोकाला पितळी कडं, शेंबी, जुनीची मूठ नुसती बाभळीची, गुळगुळीत. पात्याला तुम्ही बोट लावत नव्हतात, लावलं असतं तरी तुमच्या अंगठ्याची कातडी भाजून भाजून चपलेच्या तळासारखी झालेली होती. दुपारी तुम्ही घोरायला लागलात तशी मी दोन्ही मुठी दगडावर ठोकून सैल केल्या, काढल्या आणि बदलून बसवल्या. शेंबीची मूठ जुन्या कानशीला. कोरी कानस बाभळीच्या मुठीत. खिळ्याला लागेल तेवढी ती हातात द्यायची, आणि दात जायचे तर जाऊ देत. हेही सांगून ठेवते, वांग्याला मीठ लावावं तसं मी ते काम केलं.

आणि माझा हिशेब बरोबर निघाला. झिजलेली कानस एका हाताला कागदाएवढंच काढते. तुम्हाला तळव्यानं चाचपून बघायला वेळ मिळायचा. त्यानंतर एकाही जनावराला इजा झाली नाही, टांगेवाले परभणीला गेले नाहीत. फक्त तुमचा घाम वाढला. पूर्वी चिलीम ओढून होईपर्यंत जो खूर व्हायचा त्याला आता अर्धी सकाळ लागायची. तुम्ही मधेच थांबून दंड दाबायचात. तो अबलख घोडीवाला एकदा कानस उचलून बघत म्हणाला, “नालबंदबुवा, कानस लय थकली की.” मी पदराआडून त्याच्याकडं पाहिलं. त्याला काय कळलं ते त्याला ठाऊक, त्यानं ती खाली ठेवली. तुम्ही म्हणालात, “कानस न्हाई थकली, बाबा. म्या थकलो.”

असं एक वर्ष गेलं. मग चैत्रात वालूरहून एका पाटलाचा घोडा आला, लग्नात नाचवायचा म्हणून. खूर उन्हानं वाळून पाट्यासारखे झालेले. असल्या खुराला कोरी कानसच लागते, हे मला घोड्याइतकंच माहीत होतं. मी शेंबीची मूठ पुढं केली. तुम्ही बसलात. ऊन अंगणातून ओट्यावर आलं तरी पहिला खूर अर्धासुद्धा झाला नव्हता. पाटलाचा गडी जांभया देत होता. तुमचा हात कोपरापासून कापायला लागला. तुम्ही खूर खाली सोडलात, आणि या कामाच्या सहा वर्षांत पहिल्यांदा घोड्याकडं न बघता माझ्याकडं तोंड केलंत.

“सूनबाई, कानस तीच हाय न्हवं?”

मी म्हटलं, “हाव मामा, तीच हाय.”

“मंग हातच गेला म्हणायचा,” तुम्ही म्हणालात. कानस ऐरणीवर ठेवलीत, गड्याला सांगितलंत, घोडा परभणीला न्या. दुसऱ्या दिवसापासून भाता बंद.

ते ‘हाव’ मी कसं म्हटलं, याचा मी पुष्कळ विचार केलाय. ‘नाही’ म्हटलं असतं तर तुम्ही त्याच घडीला कोरी कानस मागून घेतली असती आणि वालूरच्या घोड्याचं रक्त काढलं असतं. त्या ‘हाव’चं मला वाईट वाटत नाही. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच बोलेन. वाईट वाटतं ते पुढच्याचं. मला वाटलं होतं, तुम्ही काम सोडाल आणि सुखानं ओट्यावर बसाल. तुम्ही तर हातच सोडलात. तांब्या उचलेनात, “पाणी घाल गं माय” म्हणायला लागलात. सुपारी मुलाकडून कातरून घ्यायचात. येणाऱ्या-जाणाऱ्याला उजवा हात डाव्या हातात धरून दाखवायचात, “यातली जान गेली.” बघता बघता दंडाची कातडी खरंच लोंबायला लागली. जो हात न वापरता ठेवला, तो जाणारच की.

आणि मग विहिरीवरचा तो दिवस. भाता बंद होऊन पाच महिने झालेले. मी पाणी शेंदत होते, तुम्ही जवळच दातण करत बसलेले. भरलेली बादली वर येता येता माझ्या ओल्या हातातून दोर सुटला. तो सरसरत निघाला, आणि तुम्ही न बघता, नुसत्या आवाजावर, उजवा हात घालून तो धरलात. एकाच हातानं. तीन हिसक्यांत बादली काठावर. पाणी हिंदकळलंसुद्धा नाही. मग तुम्ही तो हात डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिलात. दिसत तर काही नव्हतं. तुमच्या तोंडावर जे आलं ते मी आजवर दुसऱ्या कुणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही. “सूनबाई,” तुम्ही म्हणालात, “ह्ये कसं झालं?”

मी म्हटलं, “कप्पी नवी बसवलीय मामा. लय हलकी जाते.”

“तरीच,” तुम्ही म्हणालात, आणि दोर माझ्या हातात दिलात. तुम्ही आणखी दोन हिवाळे काढलेत. त्या हातानं पुन्हा काही उचलल्याचं मला आठवत नाही.

विहिरीवर घोडा नव्हता, मामा. कुणाचं रक्त निघणार नव्हतं. मी खरं बोलले असते तर तुम्ही कदाचित लाकडं फोडली असती, दोरखंड वळले असते, निदान आपला तांब्या आपण उचलला असता. पण तुमचा हात शाबूत आहे असं कळलं की भाता पुन्हा पेटणार, असं माझ्या मनात आलं. खूर जळल्याचा वास भाकरीला लागायचा, सकाळपासून तुमच्या मागं उभं राहून माझी पाठ मोडायची, आणि त्या पाच महिन्यांत मला दुपारी आडवं व्हायला मिळत होतं. मला ते सोडायचं नव्हतं. कारण म्हणून एवढंच, दुसरं काही शोधून सापडलं नाही.

नातीनं आत्ता विचारलं, आजी, एवढं काय लिहायलीस? म्हटलं, वाणसामानाची यादी. ती गेली की हे कागद चुलीत घालणार होते, पण या घरात चूल नाही, गॅस आहे. गादीखाली ठेवीन. तुमच्या मुलालाही मी हे सांगितलं नव्हतं, आता तोही नाही.

कप्पी जुनीच होती, मामा. ती बादली तुमच्या हातानं वर आली होती.