दाजींच्या वाट्याचं मांस

किसुमू, ३ मार्च १९३९

ती. अपोंदीताईस,
सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे, डावा खांदा सोडून. तो ओगोला दाजींनी वल्ह्याने फोडला. त्यांची बाजू तू ऐकली असशील, आता धाकट्या भावाचीही ऐक. इंग्लंडहून डर्बनला जाणारी उडती बोट, म्हणजे साहेबांचं पाण्यावरचं विमान, सरोवरावर उतरण्याआधी तिच्या धावेचं पाणी मोकळं करणं, हेच आमच्या लाँचचं काम. ओंडका, होडी, पाणघोडा, काही आड येता कामा नये. तिचं पोट फाटलं तर आतली माणसं गेलीच. दाजी नेमके तिथेच जाळं लावतात, कारण तिथे दुसरं कुणी लावत नाही. ते आमच्या पंख्यात सापडून फाटलं. त्यांनी वल्हं हाणलं, मी आकडीचा बांबू. त्यांचा कान लोंबला. लाँचवरचे हसले, मीही हसलो, ते वाईट झालं. तुला बुडवीन, असं ते म्हणाले आहेत. त्यांना समजाव, हुकूम साहेबाचा आहे.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझा ओबिएरो

खाडीपार, ७ मार्च

चि. ओबिएरोस,
अनेक आशीर्वाद.

कान मी शिवला, शाळेत पोरींना शिवण शिकवते त्याच दोऱ्याने. तुझे दाजी रोज दारात बसून भाला घासतात. मी म्हटलं, घासून घासून त्याची सुई होईल. हसले नाहीत. दोघंही बैल आहात आणि तुमच्या झुंजीत मोडतं ते माझं घर. साहेबाचा हुकूम आमच्या चुलीवर शिजत नाही. क्षमेची पत्रं पाठवू नकोस, ती मी एकटीच वाचते. खाता येईल असं काही पाठव, म्हणजे भाऊबंदांत त्यांची मान वर होईल. खांदा शेक.

आशीर्वाद आहेतच, अक्कल तुझी तू मागून घे.
अपोंदी

किसुमू, ११ मार्च, संध्याकाळ

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितो, सायकलवाला थांबला आहे. आज साहेबाने धावेच्या पाण्यात मोठा नर पाणघोडा मारला. चार गोळ्या खाऊन, लाँचच्या कडेचा लचका तोडून मगच बुडाला. सकाळी तो फुगून वर येईल, आणि या दिवसांतला पहाटवारा त्याला थेट तुमच्या काठाला लावील. दाजींना म्हणावं, होड्या, सुरे, भाऊबंद घेऊन तयार राहा. सगळं मांस त्यांचं. त्यांनी वाटावं, मोठेपणाही त्यांचाच. उद्या उडती बोट येणार आहे, पण तोवर तो धावेतून निघून गेलेला असेल.

कानाबद्दल माझ्या वतीने तूच बोल. लोभ आहे तो वाढवावा.
तुझा ओबिएरो

खाडीपार, १४ मार्च

ओबिएरोस,

वारा आला नाही. पाणघोडा धावेच्या पाण्यातच वर आला, आणि ही माणसं वाट बघायची सोडून तिकडे गेली. आम्ही बायका टोपल्या घेऊन टेकाडावर होतो, म्हणून लिहिते ते पाहिलेलं आहे. होड्या धडाला बांधलेल्या, माणसं त्यावर चढून कापत होती, पाणी लाल झालेलं. तू लाँचवरून ओरडत आलास. तुझ्या दाजींना वाटलं, दिलेलं परत घ्यायला आलास. त्यांनी भाला फेकला. तुझ्या शेजारचा माणूस गळा धरून पडला. तू धोक्याचा लाल दिवा आकाशात उडवलास, तेव्हा उडती बोट पाण्याला टेकलेली होती. मग तू लाँच सरळ होड्यांवर घातलीस. धडासकट त्या बाजूला फेकल्या गेल्या आणि उडत्या बोटीचा पंख सगळ्यांच्या डोक्यांवरून गेला. एकच होडी तुझ्या लाँचखाली फुटली. ती तुझ्या दाजींची.

होड्यांवरचे बाकीचे सगळे जगले. तेच आता तुझा जीव मागतात. आमिष दाखवून बोलावलं आणि चिरडलं, म्हणतात. खायला काही पाठव असं मीच लिहिलं होतं, हे मी भर अंगणात सांगितलं. विधवेला काय कळतं, म्हणाले.

माझं डोकं भादरलं आहे. रिवाजाप्रमाणे त्यांचा कोट माझ्या अंगात आहे. उद्या माती देणार. परवा पुरुष भाले आणि गुरं घेऊन मरणाला गावाबाहेर हाकलायला धावतील. दर वेळी ते शिवेवर थांबतात. दीर न्यांग्वेसो मात्र भाला उचलून म्हणाला, "या वेळी मरण कुठे राहतं ते आम्हाला माहीत आहे."

मी तुला माफ केलेलं नाही. ते माझं मी बघेन. पण एका घरातून एकच प्रेत निघेल. मरणामागच्या या धावेत बाईने जायचं नसतं. माती झाली की मी उद्याच निघून तुझ्या धक्क्यावर येते. बंदूक घेऊ नकोस, लाँचमध्ये लपू नकोस. माझ्या मागे उभा राहा. भाला फेकायचाच असेल, तर न्यांग्वेसोला तो आधी आपल्या भावाच्या कोटावर फेकावा लागेल.

लोभाचं मग पाहू. जागा सोडू नकोस.
अपोंदी