मनगटावरचे घड्याळ परत न नेण्याबाबत

प्रति,
मा. ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
विभागीय कार्यालय (उत्तर),
टोरोंटो.

अर्जदार: सोक तै-ग्युन, वय ३२, व्यवसाय कृत्रिम दात तयार करणे, राहणार विलोडेल, टोरोंटो.

विषय: अर्जदाराची मंजूर झालेली तक्रार कृपया नामंजूर होण्याबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचा दि. २९ सप्टेंबरचा तक्रार अर्ज.
२) आपल्या कार्यालयाचा दि. ९ ऑक्टोबरचा आदेश.

महोदया,

१. उपरोक्त संदर्भ क्र. २ अन्वये आपण अर्जदाराची तक्रार मान्य केलीत, त्याबद्दल अर्जदार आपला ऋणी आहे. सरकारी कचेरीतून इतक्या लवकर न्याय मिळेल अशी त्याला कल्पना नव्हती. असती, तर त्याने तक्रार केलीच नसती. आदेशाप्रमाणे विक्रेत्या कंपनीचा माणूस येत्या शुक्रवारी अर्जदाराच्या घरी येऊन, स्वतःच्या देखत पट्ट्यात अडकलेला टॅग कापून, अर्जदाराच्या मनगटावरचे घड्याळ ताब्यात घेणार आहे. आणि आदेशाची प्रत गुरुवारच्या टपालाने खरेदीदारास रवाना होणार आहे. शनिवारी अर्जदाराचे लग्न आहे. खरेदीदार श्री. ग्वाक मान-सिक हे त्याचे होणारे सासरे असून त्यांना या तक्रारीचा पत्ताही नाही. आपण दिलेले घड्याळ जावयाने सरकारदरबारी जाऊन परत करायला काढले, हे त्यांना लग्नाच्या तोंडावर टपालाने कळणार. सबब हा अर्ज.

२. आमच्या कोरियन लोकांत लग्नाआधी मुलीकडच्यांनी मुलाला चांगले घड्याळ द्यायची रीत आहे. एरवी दोन्ही घरची माणसे मिळून दुकानात जातात, मुलगा चारदोन घड्याळे हातात घालून बघतो, मोठी माणसे एकाला भपकेबाज आणि दुसऱ्याला मरतुकडे म्हणतात, आणि शेवटी सगळ्यांचे एकमत होते. ग्वाक साहेब एकदा एकटेच असल्या दुकानात जाऊन आले होते. त्यांचे मासळीचे दुकान आहे. दारातल्या कोटवाल्या माणसाने त्यांच्या बुटांकडे पाहिले आणि "कुणाची डिलिव्हरी?" असे विचारले, एवढे त्यांच्या मुलीने, म्हणजे अर्जदाराच्या नियोजित वधूने, ह्ये-वनने, अर्जदारास सांगितले. त्यानंतर त्यांनी घड्याळ फोनवरूनच मागवायचे ठरवले. गलफडे उघडून पाहिल्याशिवाय साधा बांगडा विकत न घेणारा हा माणूस, पण स्वित्झर्लंडचे घड्याळ त्याने नुसत्या फोटोवर घेतले. यात अर्जदार त्यांना दोष देत नाही. पुढचा सगळा घोळ अर्जदाराचा स्वतःचा आहे.

३. कंपनी पट्ट्याच्या कड्या मनगटाच्या मापाने कमी करून पाठवते, म्हणून माप मागवले गेले. ह्ये-वनने फोन केला. "बाबा विचारतायत, मनगट केवढं आहे?" अर्जदार दिवसभर लोकांच्या जबड्यांची मापे घेतो. त्यात केसभर चूक झाली तर माणसाला भाकरी चावता येत नाही, हे त्याला पक्के ठाऊक आहे. त्याचे मनगट अठरा सेंटिमीटर आहे. तो म्हणाला, "सोळा." का, हे सांगायला आजही लाज वाटते. मोठे माप सांगितले तर जास्त कड्या लागतील, जास्त कड्या म्हणजे त्यांना जास्त खर्च, आणि मग पोरगा हावरा आहे असे व्हायला नको. पाहुण्यांकडे पोटात कावळे ओरडत असताना आपण "पुरे, पुरे" म्हणत ताटावर हात आडवा धरतो, तेच अर्जदाराने मनगटाच्या बाबतीत केले.

४. सप्टेंबरमध्ये दोन्ही घरची माणसे पहिल्यांदा हॉटेलात जेवायला एकत्र बसली. मांस भाजून होत आले होते. ग्वाक साहेबांनी डबा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "घाल की! बघू दे जरा." सदर घड्याळाच्या पट्ट्यातून निळा प्लास्टिकचा टॅग ओवलेला होता. टॅग काढल्यास वस्तू वापरली असे धरून परत घेतली जाणार नाही, असे त्यावर छापले होते. टॅगमुळे पट्ट्याचा खटका अर्धाच उघडत होता. अर्जदार म्हणाला, "बाबा, आत्ता राहू दे. घरी गेल्यावर नीट घालतो." त्यावर ते म्हणाले, "लाजतोस काय मुलीसारखा? हात घाल!" सासऱ्यांनी चारचौघांत दोनदा सांगितल्यावर तिसऱ्यांदा सांगायची वेळ आणायची नसते. हाताला तिळाचे तेल लागलेले होते. अंगठा आत दुमडून, कासाराकडे बांगडी भरतात तसा अर्जदाराने हात आत ढकलला. हात गेला. खटका कट्कन मिटला आणि टॅगचे टोक त्यात चेपून बसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ग्वाक साहेब अर्जदाराच्या आईकडे वळून म्हणाले, "बघितलंत? एकदम फिट्ट. आपल्या नजरेचं माप चुकत नाही." अर्जदारही हसला. घड्याळ त्या क्षणापासून निघाले नाही.

५. खटका उघडायचा तर टॅग कापणे भाग, आणि टॅग कापला की घड्याळ कायमचे गळ्यात, किंवा या प्रकरणी हातात. अर्जदाराने साबण, लोणी, बर्फ असे सगळे करून पाहिले. प्रयोगशाळेत तो लांब हातमोजे घालू लागला. ऐन उकाड्यात पूर्ण बाह्यांचे शर्ट घातले. बोटांना मुंग्या येत आणि एका पेशंटचा सुळा त्याने दोनदा बिघडवला. ह्ये-वन एवढीच काय ती यात सामील. ती म्हणायची, "सांगून टाक ना बाबांना! खातात की काय ते तुला?" अर्जदार म्हणे, "सांगू काय? तुम्ही दिलेलं मला आवळतंय?" "मग काय, माझ्या शेजारी निळा हात घेऊन उभा राहणारेस?" अर्जदाराने बाही आणखी खाली ओढली.

कंपनीला केलेल्या फोनचा सारांश आपल्या माहितीसाठी असा. पलीकडच्या बाई अतिशय गोड बोलत होत्या. "टॅग कापला की विक्री पक्की झाली, सर." टॅग न कापता घड्याळ निघत नाही, असे अर्जदाराने सांगितले. "मग टॅग न कापता काढा ना, सर." आणि हाताचे काय करू, असे विचारले असता त्या जराशा थांबून म्हणाल्या, "हाताबद्दल आमच्या अटींमध्ये काही नाहीये, सर." शिवाय पट्टा सैल करून हवा असला तरी तसा निरोप खरेदीदाराच्या फोनवर जाणार होता. म्हणजे ग्वाक साहेबांना भर दुकानात, मासा तोलताना, कळणार की जावयाला आपले घड्याळ बसत नाही.

६. या अवस्थेत, कोणाला न सांगता, ह्ये-वनलाही न सांगता, अर्जदाराने संदर्भ क्र. १ चा अर्ज आपल्याकडे केला. हे घड्याळ जावे, त्या जागी त्याच जातीचे मोठे घड्याळ गुपचूप यावे आणि कोणाला कळू नये, असा त्याचा हिशेब होता. खरेदीदारास काही कळवू नये, असे त्या अर्जात लिहायचे मात्र राहून गेले.

७. यानंतर जे घडले ते आपल्या नोंदीसाठी सविस्तर देणे आवश्यक आहे. लग्नाआधीच्या रविवारी ग्वाक साहेबांनी अर्जदाराला सार्वजनिक हमामात बोलावले. सासरे-जावयांनी एकत्र अंघोळ करावी, एकमेकांची पाठ घासून द्यावी, हा आमच्याकडे मोठा मान आहे. अर्जदार मंगळवारपासून आजारी पडायचा प्रयत्न करत होता, पण ताप काही आला नाही. हमामात बाही नसते. अर्जदार हाताला टॉवेल गुंडाळून गरम पाण्यात उतरला आणि हात आणखी सुजला. पाठ घासून झाल्यावर ग्वाक साहेब म्हणाले, "टॉवेल कसला बांधलायस? भाजलं का कुठं?" अर्जदार "नाही, नाही" म्हणेपर्यंत त्यांनी तो ओढला होता.

वाफेत बसलेली म्हातारी माणसे बघू लागली. अर्जदाराला पाण्याखाली जाऊन बसावेसे वाटले. ग्वाक साहेबांनी त्याचा हात मांडीवर घेतला आणि मासा ताजा आहे की नाही हे बघताना दाबतात तसे एकेक नख दाबून पाहिले.

"कधीपासून?"

"त्या दिवशीपासून, बाबा."

"आम्ही टाळ्या वाजवत होतो, तेव्हापासून?"

अर्जदाराने मान हलवली. ते उठले आणि हमामात गिऱ्हाइकांचे अंग घासून देणाऱ्या माणसाकडून कात्री घेऊन आले. अर्जदार ओरडला, "बाबा, टॅग! टॅग कापला तर परत नाही करता येणार!" ते म्हणाले, "परत कोण करतंय?" आणि त्यांनी टॅग कापला. खटका उघडला. मनगटाभोवती लाल वळ उमटला होता. त्यांनी तो हात गार पाण्याच्या बादलीत धरून दोन्ही हातांनी चोळायला सुरुवात केली. मासे साफ करून करून त्यांच्या तळव्यांना घट्टे पडले आहेत आणि ते चोळणे चांगलेच दुखत होते. पण अर्जदाराला त्या बादलीतून हात काढावासा वाटला नाही, हे तो प्रामाणिकपणे नमूद करतो.

मग त्यांनी विचारले, "माप खोटं का सांगितलंस?"

"कड्या वाचल्या असत्या, बाबा. तुमचा खर्च..."

"खर्च? काढलेल्या कड्या डब्यात पिशवीत पडल्यात, गाढवा! पैसे सगळ्यांचे घेतलेत त्यांनी." आणि मग त्यांचा आवाज चढला, इतका की अंग घासणाऱ्याचा हात थांबला. "मी तुला माझी पोरगी देतोय, आणि तू माझ्या दोन कड्या वाचवतोस? उद्या तुला काही दुखलं, खुपलं, नोकरी गेली, तरी असाच हसत बसणार का माझ्यासमोर? मग मी तुला ओळखायचं कधी?"

अर्जदार रडला. हमामात कोणाच्याही तोंडावर पाणीच असते, म्हणून ते कोणाला दिसले नसावे. त्या वेळी त्याने तक्रारीची गोष्ट सांगायला हवी होती. जिभेवर आली होती. पण ग्वाक साहेब म्हणाले, "चल, अंडी खाऊ," आणि अर्जदार त्यांच्या मागोमाग, अंघोळीनंतर हमामातच मिळणारी भाजलेली अंडी खायला गेला.

८. काढलेल्या कड्या आज सकाळी घड्याळजीकडून परत बसवून घेतल्या आहेत. घड्याळ आता मनगटावर व्यवस्थित बसते. टॅग कापला गेला आहे, कंपनीचा माणूस हजर नव्हता, आणि वस्तूचा वापर झाला आहे, होत आहे, व पुढेही होणार आहे. हा आपल्या आदेशाचा भंग असल्यास त्याची संपूर्ण जबाबदारी अर्जदारावर राहील. कात्री चालवणाऱ्यास कृपया त्यात गोवू नये. तरी संदर्भ क्र. २ चा आदेश रद्द करून शुक्रवारी येणारा माणूस थांबवावा, ही विनंती.

९. आदेशाची प्रत श्री. ग्वाक यांना पाठवू नये, अशीही विनंती अर्जदाराने या जागी लिहिली होती. चांगली मोठी लिहिली होती. ती तो मागे घेत आहे. हसत हसत लपवायचे, हेच तर त्याने महिनाभर केले. त्याऐवजी आज संध्याकाळी हा अर्ज घेऊन तो ग्वाक साहेबांच्या दुकानात जाणार आहे आणि गल्ल्यासमोर उभे राहून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत त्यांना वाचून दाखवणार आहे. ते काय म्हणतील याचा अंदाज नाही. हमामात त्यांनी क्षमा केली ती खोट्या मापाबद्दल होती. त्यांच्या पाठीमागे सरकारकडे गेल्याबद्दल अजून काहीच झालेले नाही. शनिवारचा मांडव राहील की नाही, हेही अर्जदार आज सांगू शकत नाही.

१०. सबब आपणांस सोपे जावे म्हणून खूण देऊन ठेवतो. त्या दुकानात कोणताही कागद कोरडा राहत नाही. उद्या सकाळी कार्यालय उघडताच हा अर्ज आपल्या टेबलावर येईल. त्यावर पाण्याचे व मासळीचे डाग असतील, तर तो वाचून दाखवला गेला असे समजावे व परिच्छेद ८ प्रमाणे कृपा करावी. तो स्वच्छ आला, तर अर्जदाराचा धीर झाला नाही असे समजून विनंतीचा विचार करू नये, घड्याळ न्यावे, आणि प्रत खुशाल पाठवावी.

कळावे. निर्णय कोणताही होवो, तो सोसण्यास तयार असलेला,

आपला नम्र,
(सही)
सोक तै-ग्युन
टोरोंटो, दि. १४ ऑक्टोबर

सोबत: १) संदर्भ क्र. २ च्या आदेशाची प्रत. २) कापलेला टॅग. घड्याळ जोडलेले नाही.

(अर्जाच्या खालच्या कोपऱ्यात, डागांवरच, वेगळ्या अक्षरात)

बाईसाहेब,
सगळा ऐकला. दोन वेळा वाचायला लावला. पोरगा मध्ये थांबत होता, पण पळाला नाही. कंपनीचा माणूस शुक्रवारी पाठवू नका. शनिवारी पाठवा, जेवायला.
ग्वाक मान-सिक