निळ्या कॅसेटमधली सारंगी

४ जानेवारी
गझल गाणाऱ्या आमच्या बाईंची पहिली कॅसेट, निळ्या कव्हरची, शेवटी मोबाइलवर आली. नसीम तिला नुसतं 'निळी' म्हणते, आता मीही. जुनी फीत साफ करून नव्यानं काढली म्हणे. जेवण उरकलं, मोठे हेडफोन लावून बसले. पहिल्याच गझलेत, मतला, म्हणजे पहिला शेर, संपला की सारंगी येते ना, ती नाहीच! तिच्या जागी नुसता तबला टकटक. मेल्यांनी साफसफाई करताना सारंगीच झाडून टाकली. माझी जुनी कॅसेट चार-पाच वर्षं लावलेली नाही, फीत तुटेल या भीतीनं. त्याची ही शिक्षा.
अडीचला नसीमला उदगीरला मेसेज, आवाजातच. ऐकू नको म्हटलं, जीव जाईल.

५ जाने.
न.चं उत्तर अडीचच्या ठोक्याला. "सारंगी हाय की गं मंगल! मतला झाला की सरळ वाजून राहिली. तुझे कान हायेत का भोकं?" मागे कुकरची शिट्टी. ही बाई फोन पिठाच्या डब्याला टेकवून गाणं ऐकणार आणि मला शिकवणार.
अडीच ही आमची जुनी वेळ. ती उदगीरच्या टेलिफोन ऑफिसात ट्रंक बोर्डावर, मी लातूरच्या. सुपरवायझर जेवायला गेले आणि लाइन रिकामी असली, की मी पिशवीतून टेप काढायची, हेडसेटचं बोलायचं टोक त्यावर धरायची, आणि तिकडे उदगीरला ती ऐकायची. त्यांच्या घरी टेप नव्हता. निळी, पिवळी, कव्वाल बंधू, सगळं तिनं त्या तारेवरून ऐकलं. पुढे बोर्ड गेले, माझी नांदेडला बदली झाली, दोघी रिटायर झालो. अडीच तेवढं राहिलं. रोज एक गाणं आणि त्यावर एक मत. तिचं मत बहुधा चुकीचं असतं.

७ जाने.
भांडण झालं. हेडफोन कानावरच होते, तसाच तिला फोन लावला. सारंगीवरून सुरू झालं ते कुठल्या कुठे गेलं. "तू आजकाल कुणाचं ऐकूनच घेत न्हाईस," म्हणाली. "मी एक इचारते, तू दुसरंच सांगतीस. वर्ष झालं बघून राहिले मी."
मग मी बोलले. तुला गाण्यातलं काय कळतं? माझ्याच लाइनवर उष्टं ऐकून शिकलीस.
उष्टं म्हणाले.
"हाव. खरं हाय," एवढंच बोलून तिनं फोन ठेवला.

८ जाने.
अडीच. काही नाही.

११ जाने.
आज पाचवा दिवस. मीही पाठवत नाही. तिची समजूत असेल मी आधी वाकेन, तर चूक आहे.
मतं इथेच लिहून ठेवते, दुसरं कोण आहे ऐकायला.
पिवळी (बाईंची दुसरी): निम्मी वाया. कीबोर्ड आला आणि बाईंचा गळा मागच्या ओसरीत जाऊन बसला. चौथी गझल मात्र कोणी हात लावू नये अशी.
कव्वाल बंधू: थोरला गातो, धाकटा भांडतो. खरी मजा टाळ्या देणाऱ्यांची. न.ला धाकटा आवडतो, आवडणारच.
परभणीकडचे भजनवाले बुवा: हार्मोनियमला तोड नाही. पण दर कडव्याआधी प्रवचन. बुवा, वाजवा की.
रीलवरची नवी पोरगी: अर्धा मिनिट गोड. पुढचं तिलाच माहीत नसावं.
लिहून झालं तेव्हा तीन वाजले होते. एकाही मतावर कोणी 'काहीतरीच' म्हणालं नाही. बरं वाटलं नाही.

१४ जाने.
शेजारच्या सुनीताबाई तिळगूळ घेऊन आल्या. "किती बेल वाजवली बाई, झोपला होतात का?" झोपले नव्हते, बसले होते. त्या गेल्यावर दिवसभरात दुसरं कोणी आलं नाही. भावाचा चाकूरहून फोन, तीन वाक्यं. तिळगूळ घ्या गोड बोला, हे न.ला लिहायचं होतं. आमचं दर वर्षीचं आहे, ईदला ती मला शेवया, मी तिला हे. लिहिलं आणि पुसलं.

१८ जाने.
आज हिय्या करून जुनी कॅसेट काढली. न.ला पुरावा पाठवायचा होता, बघ जुन्यात आहे आणि नव्यात नाही. टेपचं हेड स्पिरिटनं पुसलं, फीत पेन्सिलीनं घट्ट केली, हेडफोन लावले. मतला झाला. सारंगी नाही. जुन्यातही नाही!
आधी वाटलं फीत झिजली. पुन्हा मागे घेतली, पुन्हा तेच. वैतागून हेडफोन टेबलावर टाकले, उचलून परत लावताना ते उलटे लागले. उजवा डाव्यावर.
आणि आली. भरभरून आली. त्या कॅसेटमध्ये सारंगी फक्त उजवीकडं ठेवलेली आहे, हे मला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं.
सरळ लावले, गेली. उलटे लावले, आली. सात-आठ वेळा केलं.
उजव्या कानाशी चुटकी वाजवली. मग चमचा वाटीवर. बोटाला कळतंय, कानाला नाही.

२१ जाने. लातूर
एस.टी.नं गेले. भाऊ चाकूरला चढला. कानाच्या डॉक्टरांनी बंद खोलीत बसवलं, ऐकू आलं की बटण दाबा म्हणाले. उजवीकडची वेळ आली तेव्हा मी बटण धरून नुसतीच बसले, वाटलं अजून सुरू व्हायचंय.
उजवा जवळपास गेला. कोणी खेटून ओरडलं तरच. डावाही उतरणीला आहे, किती दिवस ते सांगता येत नाही. मशीननं बोलणं कळेल. गाण्याचं विचारलं तर म्हणाले, "कळेल, पण पूर्वीसारखं लागणार नाही."
"हे कालचं नाही बाई. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का?"
भाऊ म्हणाला, "घरात कोन हाय लक्षात यायला?"
खरं बोलला, तरी परतीला मी त्याच्याशी बोलले नाही. लातूरहून उदगीर कितीसं लांब. स्टँडवर उदगीरची गाडी लागलेली होती, माणसं चढत होती. उभी राहून बघितली आणि नांदेडच्या गाडीत बसले. काय तोंड घेऊन जाणार?
एका माणसाच्या लक्षात आलं होतं. वर्षभर ती सांगत होती.

२३ जाने.
माफीचा मेसेज चार वेळा बोलले, चार वेळा पुसला. पहिल्यात फार रडले. दुसऱ्यात कानाचंच रडगाणं, म्हणजे तिनं कीव करून माफ करावं असं. ते नको. उष्टं हा शब्द मी बोलले तेव्हा माझी जीभ शाबूत होती, कानाचा काय संबंध?
खरं हे की मी तिला काही उपकार म्हणून ऐकवत नव्हते. रिकाम्या दुपारी मला एकटीला ऐकवत नव्हतं, म्हणून तिला तारेवर धरून ठेवायची. तिनं ऐकलं म्हणून मला गाणी आवडली. हे तिला कधीच सांगितलं नाही.
डावा कान आहे तोवर तिच्यासोबत ऐकायचंय. एकटीनं नाही.

२७ जाने.
पाठवला. अडीचला, लिहून. "सारंगी आहे. तुझं बरोबर. माझा उजवा कान गेलाय. आणि उष्टं मी बोलायला नको होतं, ते कान जायच्या आधीही खोटंच होतं."
दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर नाही. पाच वाजले, सहा वाजले. विष्णुपुरीकडे फिरून यावं म्हटलं, फोन हातातच घेऊन गेले. धरणाचं पाणी बघितलं नाही, फोनच बघितला.

२८ जाने.
काही नाही.

२९ जाने.
आत्ताच झालं, आत्ताच लिहिते.
भाकरी थापत होते. एरवी फोनही हेडफोनवरच घेते, पण ते बाहेरच्या खोलीत. फोन ओट्यावर उजळला, नसीम. अडीच वाजले होते. पिठाच्याच हातानं उचलला, कानाला लावला, "नसीम?" म्हणाले. काही नाही. पुन्हा म्हणाले. काही नाही. वाटलं रागानं गप्प आहे, तिचा हक्क आहे. मग मीच बोलत सुटले. माफी मागितली. ते रिकाम्या दुपारचं सांगितलं. तिनं ऐकलं म्हणून मला गाणी आवडली, तेही. तव्यावरची भाकरी करपली. शेवटी म्हणाले, बोलायचं नसेल तर नको बोलू, मी ठेवते. आणि ठेवला.
हात धुताना लक्षात आलं. फोन उजव्या कानाला होता. बोर्डावरची सवय, हेडसेट उजवीकडंच असायचा.
मोबाइलमध्ये दिसतंय, चार मिनिटं दहा सेकंद. रागावलेलं माणूस चार मिनिटं फोन धरून उभं राहत नाही. ती बोलत होती. की तिनं काही लावून फोनपुढे धरलं होतं, मी धरायची तसं. आणि मी त्यावर बडबडले आणि मध्येच तोडलं.
तिला लावला. बिझी.
पुन्हा लावला. बिझी. ती मलाच लावत असेल. नसेलही.
आता मी लावत नाही, लाइन मोकळी ठेवते. फोन डाव्या हातात घेऊन बसले आहे.