कापड धरणारीचा फेटाळलेला दावा

प्रति,
मा. पीठासीन अधिकारी,
कामगार न्यायालय, दालन दुसरे.

विषय : भेदभावाचा दावा फेटाळणाऱ्या निकालाचा फेरविचार होऊन कटिंग टेबलाची पाहणी पुन्हा होण्याबाबत.

संदर्भ : आपला मागील महिन्यातील निकाल व त्यास जोडलेला पाहणी अहवाल.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, सदर अर्जदार ही शर्टांच्या कारखान्यात कटिंग खात्यात काम करते. हजेरीपटावर ती ‘मदतनीस’ आहे. प्रत्यक्षात कापडाचे थर लावणे, आखणे आणि मशीनने कापणे ही तिन्ही कामे तिचीच. कटिंग मास्तरची जागा रिकामी झाली तेव्हा ती तिच्या धाकट्या दिराला मिळाली. त्याला मशीन धरायला अर्जदारानेच शिकवले होते. मालकांनी तेव्हा सर्वांदेखत विचारले होते, “बाईला मास्तर म्हणायचं तरी कसं?” सगळे हसले. अर्जदारही हसली, आणि त्याचा तिला आजही संताप येतो.

२. निकालात म्हटले आहे की, भेदभाव सिद्ध करायचा तर तेच काम करणारा, पण अधिक चांगली वागणूक मिळालेला माणूस तुलनेसाठी दाखवावा लागतो. अर्जदाराने दीर दाखवला. त्यावर, तो मास्तर व ही मदतनीस, सबब तुलना होऊ शकत नाही, असे ठरले. अहो, मास्तर केले नाही हीच तर तक्रार आहे! पुढे असे की, इतर मदतनिसांपेक्षा अर्जदाराला काही कमी मिळालेले नाही. खरे आहे. त्याही सगळ्या बायकाच आहेत. सगळ्यांना सारखेच तुडवले की समानता सिद्ध होते, हे अर्जदाराला माहीत नव्हते. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी तिची गत झाली आहे.

३. आता पाहणीविषयी. आमच्याकडे रीत अशी की, बाहेरचे कोणी आले की मशीन पुरुषाच्या हाती द्यायचे आणि बायकांनी कापड धरून उभे राहायचे. आपले अधिकारी आले तेव्हाही तेच झाले. दीर घाबरला होता. बाहीच्या वळणावर त्याची सुरी रेषेबाहेर निघाली. एक काप चुकला की सगळ्या थराचे मातेरे होते. अर्जदाराचा हात आपोआप पुढे गेला, तिने कापड बोटभर सरकवले आणि काप रेषेवर आला. अहवालात लिहिले गेले : “मास्तरांचा हात सफाईदार आहे. मदतनीस कापड नीट धरते.” अर्जदाराने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. कापड मालकाचे, अब्रू दिराची, आणि वाचवली कुणी, तर दावा लावणारीने! मूर्खपणा तिचा, हे तिला मान्य आहे. पण पाहायला आलेल्या अधिकाऱ्यांना डोळे नव्हते काय?

४. साक्षीत दीर म्हणाला, “वहिनी माझ्या हाताखाली असते. मी सांगेन तसं करते.” हे सांगून तो घरी आला आणि तिच्याच हातचे जेवला. तिने वाढले. सासूबाई म्हणतात, दावा सोड, घर मोडेल. घर मोडले तर ते अर्जदारामुळे. मास्तरकी तिच्या ताटातून उचलली गेली त्याने मात्र काही मोडले नाही!

५. तरी विनंती की, पाहणी पुन्हा करावी, आणि आगाऊ न कळवता करावी. आधी दिराला कापू द्यावे. त्या वेळी अर्जदार टेबलापासून दूर, हात पाठीमागे बांधून उभी राहील. थर वाया गेला तर जाऊ दे. मग मशीन अर्जदाराला द्यावे आणि दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवून पाहाव्यात.

६. आधीच्या पाहणीत टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कापड धरून आणखी एक मदतनीस उभी होती. ती अर्जदाराची धाकटी जाऊ, म्हणजे मास्तरची बायको. अर्जदाराने सरकवलेले कापड तिच्या हातातून सरकले होते. इतके दिवस ती गप्प होती. परवा नळावर ती आपणहून म्हणाली, “जाऊबाई, मी सांगते कोर्टात.” तिची साक्ष नवऱ्यासमोर नको, अशी विनंती या अर्जात करण्याचे अर्जदाराने ठरवले होते. जाऊ म्हणाली, “नको. त्याच्यासमोरच बोलवा.”

आपली, संतापलेली तरी नम्र,
(सही)
अर्जदार
पदनाम : मदतनीस (आपल्या निकालाप्रमाणे)
दिनांक : फेरविचाराची मुदत संपण्याच्या आत

सोबत :
१) निकालाची प्रत
२) पाहणी अहवालाची प्रत
३) धाकट्या जावेचे प्रतिज्ञापत्र. सही करताना तिचा हात कापला नाही.