मोठ्या न्यायाधीशाची वाट

सॅक्रामेंटो, ९ सप्टेंबर २०२४

ती. जर्मानोदादास, देओलिंडाचा सा. न. वि. वि.

तुझ्या वकीलबाई म्हणाल्या, खटला चौथ्यांदा पुढे ढकलला. फौजदारी खटले आधी, वेळ उरला तर तुझ्यासारख्यांचे नुकसानभरपाईचे. एकेका न्यायाधीशाच्या डोक्यावर हजारभर खटले, तो तरी काय करणार? बावीस वर्षं मी कोर्टाच्या कचेरीत काढली, मला विचार.

दादा, त्या संमतीच्या कागदावर सही कर. रेल्वे कंपनी तयार आहे. दोघांची संमती असली की मोठ्या न्यायाधीशाऐवजी त्याच्या हाताखालच्या मॅजिस्ट्रेट न्यायाधीशापुढे खटला चालतो, नोव्हेंबरातच ज्युरी बसेल. डॉक्टर नाताळच्या आत कॅन्सर झालेलं स्वरयंत्र काढू म्हणतात, आणि तुला तर ज्युरीला स्वतःच्या तोंडाने सांगायचंय. मग घोडं अडलंय कुठे? माझी झोप उडालीय. रागाव हवं तर, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी, देओलिंडा

टुलारे, २० सप्टेंबर

चि. देओलिंडास, अनेक आशीर्वाद.

उपदेश पोचला, सोबतचा गोड पावही. पाव बरा होता.

एकतीस वर्षं मी रेल्वेच्या कारखान्यात इंजिनांवरचं ॲस्बेस्टॉस खरवडलं, त्याची धूळ गिळली. आता कंपनी म्हणते, घसा सिगारेटने गेला. मी जन्मात सिगारेट ओढली नाही, आणि हे मी राष्ट्राध्यक्षाने नेमलेल्या न्यायाधीशापुढेच सांगणार, हाताखालच्यापुढे नाही. बाबांनी मायदेशी, आपल्या बेटावर अशाच दुय्यम साहेबापुढे गाऱ्हाणं मांडलं आणि कुरण घालवून बसले. विसरलीस? न्यायाधीश वाढवायचं बिल सिनेटने मंजूर केलंय. आपल्याकडेही येतील. तोवर घसा तग धरेल. काळजी करू नकोस म्हटलं, तरी तू थोडीच थांबणार.

जर्मानो

सॅक्रामेंटो, १४ डिसेंबर

ती. दादास, सा. न.

बिल दुसऱ्या सभागृहातही मंजूर झालं, आणि तू वकीलबाईंना पेढे वाटल्यासारखं सांगत सुटलायस म्हणे. अरे, राष्ट्राध्यक्षांची सही अजून व्हायचीय. झाली तरी माणूस निवडणार, सिनेट त्याला तपासणार, वर्ष जाईल. बारशाआधीच तू पोराला शाळेत घालतोयस. परवा फोनवर तुझे निम्मे शब्द नुसती हवा होऊन आले. मला भीती वाटते, दादा. सही कर. बाबासुद्धा एवढे हट्टी नव्हते.

तुझ्यावर चिडलेली, तुझीच
देओलिंडा

टुलारे, ९ जानेवारी २०२५

चि. देओलिंडास, आशीर्वाद.

राष्ट्राध्यक्षांनी सही नाकारून बिल परत धाडलं, ते तू वाचलंसच. नाताळ होताच मी सही केली. तारीख मिळाली, २४ मार्च. पण सर्जन आता थांबायला तयार नाहीत, मंगळवारी काढतात. सप्टेंबरात तुझं ऐकलं असतं तर... पुढचं तू म्हणशीलच, मी कशाला लिहू.

काल वकीलबाई माझी साक्ष टिपून ठेवायला कॅमेरा घेऊन आल्या. साडेतीन तास बोललो. सिगारेटचं तीनदा सांगितलं. शेवटी आवाज फुटेना, तेव्हा कागदावर लिहून दाखवलं. मार्चमध्ये ज्युरी मला पडद्यावर पाहील आणि मी तिथेच मुकाट बसलेला असेन. चुकलो मी.

मंगळवारपर्यंत रोज फोन कर. नंतरही करत जा. मी उचलेन, बोलायचं मात्र तूच.

तुझा, जर्मानो