चेंडू सरळ जात होता

रविवार, संध्याकाळ

सतीशला फोन करावा का, मघापासून हेच चाललंय. कंपनीच्या पुण्यातल्या गोल्फ सामन्यात सोलापूर शाखेकडून आम्ही दोघंच. म्हणून मी पटिंगच्या, म्हणजे चेंडू हळूच लोटून खळग्यात घालण्याच्या, सरावाचं एक उपकरण घेतलं. स्टँडवर फोन लावायचा, चेंडू हळूच लोटायचा, कॅमेरा त्याचा मार्ग बघून गुण देतो. आठवडाभर गुण उत्तम. सतीशला मीच सांगितलं, तूही डोळे मिटून विकत घे.

आज बायकोने, वर्षाने, हॉलमध्ये मी सरावासाठी अंथरलेली सोलापुरी चादर धुवायला उचलली. उघड्या फरशीवर चेंडू दरवेळी उजवीकडे.

"अहो, तो चादरीच्या विणीतून जात होता," वर्षा हसायला लागली. "एवढ्या जाड चादरीच्या खाचा! तुमचं काय कौतुक त्यात?"

उपकरण खोटं बोललं नाही. चेंडू सरळ गेला, एवढंच ते सांगत होतं. हात सरळ आहे, हे मी ठरवलं. मग ते घेण्यासारखं आहे की नाही? चूक दाखवतं, पण सुधारायची कशी ते सांगत नाही. आणि ती चादर... जन्म सोलापुरात गेला, तरी लक्षात येऊ नये?

शेवटी फोन केला. "इतक्यात मागवू नकोस," म्हटलं.

"अरे, सकाळीच आलं की! लई भारी! पोरांसमोर फुल मार्क!"

"खाली काय अंथरलंयस?"

"चादर... आपली सोलापुरी," तो पुटपुटला. मग हळूच म्हणाला, "सामना झाल्यावर विचारलं असतंस तर चाललं नसतं का रे?"