तातयची मुलाखत

इलोइलो,
२ डिसेंबर १९९६

प्रिय मानांग लिलिबेथ,

तुझी तब्येत बरी असेल, आणि रियाधच्या त्या दवाखान्याने तुझ्या रात्रपाळ्या एकदाच्या थांबवल्या असतील. इथे सगळे खुशाल. म्हणजे आता आहेत.

आधी खाली बस. बसलीस? तुझी धाकटी बहीण गेल्या सोमवारपासून सहाच्या बातम्या देतेय! शेवटचा हवामानाचा तुकडा नाही, अख्ख्या बातम्या, आपल्या हिलिगायनोन भाषेत, मेजामागे बसून! निळा कोट मिळालाय. खाली जीन्सच असते, मेजाआड कोण बघतंय? बाजारातली बाचॉयवाली तर माझ्या वाडग्यात जास्तीच्या शेवया ओतून म्हणाली, "टीव्हीत किती वाळलेली दिसतेस गं! खा, लाजू नकोस."

हे मिळालं कसं, ते मात्र लिहायचं टाळत होते. आईच ती, नानय म्हणाली होती, "तिला कळवू नकोस, परक्या देशात एकटी आहे पोर." पण तुझ्यापासून काय लपवू?

आपले बाबा, आपले तातय, समुद्रात हरवले होते. घाबरू नकोस, आलेत परत!

वादळ येतंय, होड्या काढू नका, ही बातमी मीच वाचली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे तरीही काही होड्या गेल्या, तातयही आपली घेऊन एकटेच गेले, आणि दुपारी वारा सुटला. नानयचा स्टेशनवर फोन आला, तेव्हा आमचे मॅनेजर तुपाझ म्हणाले, "दुसऱ्या कुणाला पाठवतो." मी म्हटलं, "पाठवून तर बघा!"

कॅमेरामन बोयेतबरोबर एस्तान्सियाचा धक्का गाठला. वाट बघणाऱ्या बायकांशी बोलत राहिले, फक्त नानयपाशी जायचा धीर होईना. वारा पडला तरी दोन दिवस कुणाचा पत्ता नव्हता. आणि मग एक मोठी मासेमारी बोट सगळ्यांना घेऊन आली. सगळ्यांना, मानांग! शेवटी तातय उतरले, अंगावर टॉवेल, ओठ फुटलेले.

मी नर्सिंग सोडल्यापासून ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते, तुला माहीतच आहे. बोयेत पुटपुटला, "बंद करू?" काय शिरलं अंगात कोण जाणे, म्हटलं, "चालू ठेव," आणि माइक पुढे केला.

"आपलं नाव?"

"क्रिसांतो. तुम्हाला माहीत असेल, मॅडम."

धक्क्यावर हशा.

"काय खाऊन राहिलात?"

"कच्चे मासे. तुम्ही काही पाठवलं नाहीत."

पुढचा प्रश्न दुसऱ्या कुणालाही मी विचारलाच असता. "वादळाची सूचना ऐकली नव्हती?"

"ऐकली. दुकानातल्या टीव्हीवर. रोज ऐकतो."

रोज! मानांग, रोज!

"मग गेलात कशाला?"

"घरातली पोर मला सांगणार, समुद्रात कधी जायचं ते? म्हणून गेलो." मग पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "होडी गेली. चुकलो मी. तू बरोबर सांगत होतीस."

मला 'तू' म्हणाले गं! पुढे टेपवर नुसते आमचे पाय दिसतात, कारण बोयेतही रडत होता.

तुपाझ म्हणाले, "दाखवायचं की नाही, तू ठरव." मी तातयना विचारलं. ते नानयच्या हातची पेज पीत होते. म्हणाले, "दाखव. बाकीचे तरी थांबतील." दाखवलं. आठवडाभर स्टेशनचा फोन खणखणत होता, आणि मग तुपाझनी मला मेजामागे बसवलं.

पहिल्या बातम्यांनंतर घरी गेले. पान्सितच्या शेवया केलेल्या, शेजारीपाजारी जमलेले, सगळे कौतुक करत होते. तातय जेवून हात धुऊन आले आणि म्हणाले, "वारा कुठून येणार ते सांगतेस आणि पळतेस. होडीवरच्या माणसाला विचार करायला वेळ नको?"

काल मी वाऱ्याची बातमी हळू वाचली. तुपाझ कानातल्या इअरफोनमधून ओरडत होते, "वेळ संपला, नेल्फा, आवर!"

ओरडू दे.

तुझी, आणि आता पुन्हा तातयचीही,
नेल्फा